‘बरोबर’ एक्स्पोजर : कुणासाठी बरोबर?



तत्त्वज्ञानाच्या माणसाला कॅमेऱ्यावर बोलायला बोलावलं, यात आयोजकांचं धाडस मोठं आहे. मी आधीच सांगून टाकतो, मी छायाचित्रकार नाही. निवृत्त झाल्यावर, २००९ साली, हातात पहिला डिजिटल कॅमेरा आला आणि तेव्हापासून फोटो काढतो. बरेचसे बिघडतात. पण आयुष्यभर वर्गात मी एकच धंदा केला. लोक जे शब्द सहज वापरतात ते उचलायचे, उजेडात धरायचे आणि विचारायचं, बाबांनो, याचा अर्थ काय? आज तेच करणार आहे. तीन शब्द निवडलेत: ‘बरोबर’ एक्स्पोजर, एक्स्पोजर ‘कॉम्पेन्सेशन’ आणि ‘मॅन्युअल’. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत हे शब्द असतात, कार्यशाळांमध्ये हेच शिकवतात. माझी तक्रार अशी की तिन्ही शब्द आपल्याला थोडंथोडं फसवतात.

सुरुवात एका फोटोपासून करतो, कारण मी या विषयाकडे वळलो तो त्या फोटोमुळे.

माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. गावाकडची शेती तेच बघायचे. रंगानं काळे. ‘सावळे’ वगैरे नाही, चांगले काळे. आणि त्यांना स्वतःला त्याचं काही वाटत नसे. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. नवा कॅमेरा घेऊन मी गावी गेलो आणि दुपारी चारच्या सुमाराला त्यांना घराच्या चुना मारलेल्या भिंतीपुढे उभं केलं. कॅमेरा ऑटोवर. एकच फोटो काढला आणि पडद्यावर नीट पाहिलाही नाही. उन्हात पडदा दिसतोय कुणाला! पुढच्या वर्षी दादा गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून मी तो शोधून काढला, तर भिंत राखाडी, सदरा राखाडी आणि टोपीखाली चेहऱ्याच्या जागी काळा डाग. डोळे कुठे आहेत तेसुद्धा शोधावं लागत होतं. चूक माझीच होती.

मग तो फोटो शहरातल्या एका स्टुडिओत नेला. त्यांनी संगणकावर उजळून, मोठा करून, फ्रेम करून दिला. चेहरा दिसायला लागला, हे खरं. पण तो गोरा झाला होता. गुळगुळीत, गव्हाळ. फ्रेम घेऊन मी गावी गेलो. वहिनींनी पदरानं काच पुसली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “भाऊजी, हे कोण हो?”

आता असं बघा. पहिला फोटो कॅमेऱ्याच्या हिशेबानं बरोबर होता. दुसरा स्टुडिओच्या हिशेबानं बरोबर होता. वहिनींच्या हिशेबानं दोन्ही चूक. वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या, पण त्यांचा तो प्रश्न ही छायाचित्र-समीक्षाच होती. आजचं माझं बोलणं म्हणजे वहिनींची बाजू मांडण्याचा प्रयत्न आहे, असं समजा.

पहिला शब्द, ‘बरोबर’.

एक्स्पोजर म्हणजे सेन्सरवर किती प्रकाश पडू द्यायचा, ते. दोन गोष्टींनी ते ठरतं. भिंगाचं छिद्र किती उघडं, म्हणजे ॲपर्चर. आणि दार किती वेळ उघडं, म्हणजे शटर. तिसरा आयएसओ. तो प्रकाश वाढवत नाही. मिळालेल्या प्रकाशातून चित्र किती उजळ करायचं ते ठरवतो. पण रोजच्या वापरात तिघांचा हिशेब एकत्रच मांडतात. या हिशेबाचं माप म्हणजे ‘स्टॉप’. एक स्टॉप वर म्हणजे दुप्पट, एक स्टॉप खाली म्हणजे निम्मं. शटर १/२५० वरून १/१२५ वर आणलं की एक स्टॉप वाढला. ॲपर्चर एफ/८ वरून एफ/५.६ केलं, तरी एकच स्टॉप वाढला. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता हा हिशेब कॅमेरा करतो कसा? त्याच्या पोटात एक मीटर असतो. तो मोजतो वस्तूवरून परत आलेला प्रकाश. आणि इथेच मेख आहे. समजा, उन्हात काळं घोंगडं वाळत घातलंय आणि गर्द सावलीत पांढरी भिंत आहे. दोन्हींकडून कॅमेऱ्याकडे येणारा प्रकाश अगदी सारखा असू शकतो. मीटरला कसं कळावं, की समोर उजेडातलं काळं आहे की अंधारातलं पांढरं? आकड्यावरून ते कळणं शक्यच नाही. म्हणून मीटर एक गृहीतक धरून चालतो: समोर जे काही आहे त्याची सरासरी काढली, तर ती मधल्या राखाडी रंगाची येईल.

हा मधला राखाडी म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परत पाठवणारा पृष्ठभाग. पन्नास का नाही, अठराच का? कारण आपला डोळा पाढ्यासारखा सरळ चालत नाही. १८ टक्के परत पाठवणारी वस्तू आपल्याला काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मधली वाटते. म्हणजे या आकड्यातच माणसाचा डोळा दडलेला आहे, बरं का. यंत्र दिसतं तितकं तटस्थ नाही.

घरी गेल्यावर एक प्रयोग करा. कॅमेरा ऑटोवर ठेवून आधी पांढऱ्या चादरीचा फोटो काढा, चादरीनं सगळी चौकट भरू द्या. मग काळ्या छत्रीचा, तसाच. दोन्ही फोटो शेजारी ठेवा. चादर राखाडी, छत्रीही राखाडी. दादांच्या फोटोत हेच झालं. चुन्याची भिंत, पांढरा सदरा, पांढरं धोतर; चौकटीतलं बहुतेक सगळं पांढरं. मीटर म्हणाला, फार उजेड आहे, कमी करा. त्यानं भिंत राखाडीवर आणली, आणि भिंतीबरोबर चेहरा खाली ढकलला. मीटरचं काम चोख झालं. दादा मात्र बुडाले.

इथे मला ॲरिस्टॉटल आठवतो. सद्गुण म्हणजे मध्य, असं तो म्हणतो हे तुम्ही ऐकलं असेल. पण तो लगेच दोन प्रकारचे मध्य वेगळे करतो, ते आपण विसरतो. एक मध्य वस्तूचा: दोन आणि दहा यांच्या मध्ये सहा. तो सगळ्यांना सारखाच. दुसरा मध्य आपल्या संदर्भातला. त्याचं उदाहरण आखाड्यातलं आहे. एखाद्याला दहा माप अन्न जास्त होतं आणि दोन माप कमी पडतं, म्हणून वस्ताद सगळ्यांना सहा मापं देत नाही. मिलो नावाच्या नामांकित मल्लाला सहा कमी पडतील आणि तालमीत आजच आलेल्या पोराला सहा जड जातील. कॅमेऱ्याचा मीटर सगळ्यांना सहा मापं वाढतो. दुसऱ्या प्रकारचा मध्य काढायला समोर कोण बसलंय ते बघावं लागतं.

तुम्ही म्हणाल, सर, हे जुनं झालं. आताचे कॅमेरे हुशार असतात. मान्य. १९८३ साली निकॉनच्या एफए या कॅमेऱ्यानं चौकटीचे भाग पाडून वेगवेगळं मोजायला सुरुवात केली. १९९६ च्या एफ-५ मध्ये मीटरला रंगही दिसायला लागले. आता तर चेहरा ओळखून त्याप्रमाणे प्रकाश मोजतात. अंदाज सुधारला, यात वाद नाही. पण प्रश्न सुटला का? मला वाटतं, तो फक्त पुढे सरकला. चेहरा सापडला, ठीक. आता तो किती उजळ ठेवायचा? कुणाचा चेहरा ‘सर्वसाधारण’ धरायचा? हा प्रश्न मापनाचा नाहीच. याकडे मी शेवटी परत येणार आहे.

दुसरा शब्द, ‘कॉम्पेन्सेशन’.

कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचं एक बटण किंवा चाक असतं. मीटरनं सुचवलेल्या हिशेबापेक्षा जास्त हवं तर अधिक, कमी हवं तर उणे. साधारण एकतृतीयांश स्टॉपच्या पायऱ्या असतात. बटण दाबल्यावर नेमकं काय बदलतं, ते मोडवर अवलंबून. ॲपर्चर तुम्ही ठरवलं असेल तर शटर बदलतं. शटर तुम्ही ठरवलं असेल तर ॲपर्चर बदलतं. म्हणजे या बटणातून वेगळा प्रकाश कुठून येत नाही. त्याच तीन मापांपैकी एखादं हलतं, फक्त तुमच्या वतीनं कॅमेरा ते हलवतो.

नवशिक्याचा गोंधळ दिशेत होतो. समोर पांढरं, लख्ख आहे. मग कमी करायला हवं ना? नाही. कमी तर मीटरनं आधीच केलंय. पांढरं पांढरं दिसायला अधिक करावं लागतं. काळं काळं दिसायला उणे. बर्फात अधिक एक ते दोन स्टॉप, असं पुस्तकात देतात ते याचसाठी. पण पाठ करण्यापेक्षा हिशेब करा, तो आपल्या पाढ्यातलाच आहे. मीटर पांढऱ्या भिंतीला अठरावर आणून ठेवतो. अठरा दुणे छत्तीस, हा एक स्टॉप. छत्तीस दुणे बहात्तर, हा दुसरा. स्वच्छ चुन्याची भिंत ऐंशी-नव्वदच्या घरात. म्हणजे दोन स्टॉप वाढवले की भिंत जवळजवळ आपल्या जागी येते, आणि तिच्याबरोबर दादांचा चेहराही दोन पायऱ्या वर येतो. काळाच, पण दिसणारा.

मग काय, नेहमी अधिक दोन लावायचं? थांबा. सेन्सरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक वाटी समजा. प्रकाशानं वाटी भरली की वरचं वाहून जातं, ते परत मिळत नाही. फोटोत तिथे नुसता कोरा पांढरा ठिपका राहतो. अंधाऱ्या भागातलं थोडंफार नंतर वर ओढता येतं, दाणे दिसतात, पण काही तरी मिळतं. रॉ फाइल असेल तर बरंच मिळतं. म्हणून डिजिटलवर काम करणारे जाणते लोक हिस्टोग्राम बघतात. त्या आलेखाचा उजवा कडा म्हणजे काठोकाठ भरलेल्या वाट्या. दादांच्या फोटोत दोन स्टॉप वाढवले असते तर सदऱ्याच्या काही चुण्या कदाचित गेल्या असत्या. सदऱ्याच्या चुण्या हव्यात की डोळे हवेत? मीटर हा प्रश्न विचारत नाही. मी विचारायला हवा होता. आणि खरं सांगायचं तर सर्वांत सोपा उपाय बटणात नव्हताच. अंगणात लिंबाचं झाड होतं. दादांना भिंतीपासून उचलून त्या सावलीत आणलं असतं, तर टोपी आणि चेहरा यांच्यातलं अंतरच कमी झालं असतं.

आता या शब्दाबद्दलची माझी तक्रार. ‘कॉम्पेन्सेशन’ म्हणजे भरपाई. भरपाई कशाची करतात? नुकसानीची. म्हणजे शून्य हे मूळ, योग्य स्थान, आणि तुम्ही अधिक एक लावलंत की काही तरी बिघाड होता म्हणून लावलंत. किती बेमालूम पद्धतीनं यंत्राचा अंदाज इथे सत्याच्या जागी जाऊन बसतो बघा! शून्याला एक रुबाब असतो. काटा मध्ये, सगळं समतोल, काही चुकत नाहीये असं वाटतं. वास्तविक ते शून्य म्हणजे ‘समोरचं जग सरासरी राखाडी आहे’ हे एक विधान आहे. अधिक एक म्हणजे तुम्ही म्हणता, मला हे मान्य नाही, आणि किती मान्य नाही तेही सांगता. मी या बटणाला मनातल्या मनात ‘मतभेदाचं बटण’ म्हणतो. यंत्राशी वाद घालायची इतकी नेमकी, मोजून-मापून सोय दुसऱ्या कुठल्या यंत्रात आहे मला माहीत नाही.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनीही निराश होऊ नये. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावलं की बऱ्याच फोनवर शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येतं. ते वर-खाली सरकवा. तेच हे बटण.

एक इशारा मात्र देतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत हा मतभेद तुम्ही मागे घेईपर्यंत तसाच राहतो. मी एकदा अधिक दोनवर ठेवून विसरलो आणि दुसऱ्या दिवशी नातवाच्या वाढदिवसाचे सगळे फोटो पांढरेफेक आले. सूनबाई म्हणाली, “बाबा, धुकं पडलं होतं का हो हॉलमध्ये?” (हशा) मतभेद असावा; पण कालचा मतभेद आज लागू नाही, हेही बघावं.

तिसरा शब्द, ‘मॅन्युअल’.

छायाचित्रणाच्या जगात एक घोषणा चालते: खरा छायाचित्रकार मॅन्युअलवरच काढतो. माझी समीक्षा सर्वांत जास्त या घोषणेवर आहे. मॅन्युअलमध्ये ॲपर्चर, शटर, आयएसओ तिन्ही तुम्ही ठरवता. ठीक. पण ठरवता कसे? मी कितीतरी उत्साही मुलं बघतो. ती चाकं फिरवतात, फिरवतात आणि काटा शून्यावर आला की बटण दाबतात. मित्रहो, हे ऑटोच झालं की! फक्त सावकाश. ज्या मीटरनं दादांना बुडवलं, त्याच मीटरचं ऐकून हातानं बुडवलं, एवढाच फरक. नोकरानं साहेबाचा हुकूम स्वतःच्या हातानं लिहून काढला म्हणून तो हुकूम नोकराचा होत नाही. स्वातंत्र्य चाकं फिरवण्यात नाही. काटा कुठे थांबवायचा आणि का, हे ठरवण्यात आहे. उलट ॲपर्चर मोडवर राहून विचारपूर्वक अधिक दीड लावणारा माणूस जास्त मॅन्युअल आहे.

मग मॅन्युअल खऱ्या अर्थानं काय असतं? एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स. १९४१ सालची गोष्ट; नंतर खगोलगणितावरून तारीखही काढली गेली, १ नोव्हेंबर. न्यू मेक्सिको राज्यात रस्त्यानं गाडीतून जाताना त्याला हर्नांडेझ हे छोटंसं गाव दिसलं. वर चंद्र उगवलेला, खाली दफनभूमीतल्या क्रॉसांवर मावळतीचा शेवटचा उजेड. घाईघाईनं मोठा कॅमेरा उभा केला आणि मीटर सापडेना! उजेड तर निघून चाललेला. त्याला एक गोष्ट पाठ होती: चंद्राची तेजस्विता, दर चौरस फुटाला २५० कँडल. फिल्मचा वेग ६४, त्याचं वर्गमूळ ८, म्हणजे एफ/८. त्या ॲपर्चरला १/२५० दिलं तर चंद्र मधला राखाडी येईल. पण चंद्र राखाडी नको होता, तेजस्वी हवा होता, तरी त्यावरचे डाग जाऊ नयेत. म्हणून त्यानं चंद्राला राखाडीच्या दोन पायऱ्या वर ठेवलं: १/६०. भिंगावरच्या फिल्टरसाठी तिप्पट, एफ/८ ऐवजी एफ/३२ साठी सोळापट, असं करत सुमारे एक सेकंद. एक फोटो निघाला. दुसरा काढायला जाईपर्यंत क्रॉसांवरचा उजेड गेला होता.

या गोष्टीचं तात्पर्य लोक ‘मीटरची गरज नाही’ असं काढतात. माझ्या मते ते चूक आहे. आकडा तर होताच, तो डोक्यात होता. तात्पर्य त्या ‘दोन पायऱ्या वर’ मध्ये आहे. २५० हा आकडा चंद्राचा, पण दोन पायऱ्या ॲडम्सच्या. मापन आणि निर्णय यांच्यातली फट इथे स्वच्छ दिसते. आणि त्या निर्णयाची किंमतही होती. चंद्राला धरून ठेवताना खालची जमीन निगेटिव्हवर अशक्त आली. पुढे १९४८ साली रसायनानं त्यानं तो भाग गडद करून घेतला, आणि प्रिंट काढताना आकाश वर्षानुवर्षं अधिकाधिक काळं करत गेला. म्हणजे ‘मूनराइज’ या चित्राचं एकच एक ‘बरोबर’ रूप त्याच्या स्वतःच्या हातूनही ठरलं नाही.

या निर्णयशक्तीबद्दल कांटनं एक मार्मिक गोष्ट सांगून ठेवली आहे. नियम शिकवता येतात; पण हा नियम इथे लागू आहे का, हे ओळखायला आणखी नियम दिला, तर तो लावायला तिसरा नियम लागेल, आणि याला अंत नाही. कुठे तरी माणसाला बघून ठरवावंच लागतं, आणि ते फक्त सरावानं येतं. ‘बर्फाला अधिक दोन’ हा नियम. समोर आहे ते बर्फ आहे की धुकं, हे नियम सांगत नाही.

तरी व्यवहारासाठी एक कसोटी देतो. स्वतःला विचारा, उजेड बदलतोय की विषय? गावातल्या सप्ताहात कीर्तन चाललंय समजा. मंडपात दिवे तेच, तासभर हलणार नाहीत. मागे काळा पडदा, पुढे पांढऱ्या अंगरख्यातले बुवा. ऑटोवर लांबून काढलंत तर मीटरला पडदाच दिसतो. तो उजेड वाढवतो आणि बुवांचा चेहरा जळून जातो. जवळून काढलंत तर अंगरखा दिसतो. तो उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. बुवा तेच, दिवे तेच, आणि दर फोटोत बुवांचा रंग वेगळा! अशा वेळी मॅन्युअल घ्यावं. एकदा बुवांच्या चेहऱ्यावर बेतून ठरवा, हिस्टोग्राम तपासा आणि मग चाकांना हात लावू नका. याउलट पालखीबरोबर चालताय, आषाढाचे ढग येतायत-जातायत, क्षणात ऊन क्षणात सावली. तिथे मॅन्युअलचा हट्ट धरलात तर चाकंच फिरवत बसाल आणि पालखी पुढे जाईल. तिथे ऑटो, आणि तुमचा मतभेद अधिक-उण्याच्या बटणावर. दोन्ही साधनं आहेत. यात मोठेपणा-कमीपणा नाही.

आता ठेवलेला प्रश्न. चेहरा किती उजळ असावा?

ॲडम्सनं फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर १९३९-४० च्या सुमारास ‘झोन सिस्टिम’ नावाची पद्धत बसवली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा पायऱ्या; पाचवी म्हणजे मधला राखाडी. उन्हातली गोऱ्या माणसाची त्वचा सहाव्या पायरीवर ठेवायची. ॲडम्सनं ‘गोऱ्या माणसाची’ असं नीट म्हटलेलं आहे. पण पुढे पाठ्यक्रमांतून, कार्यशाळांतून ते विशेषण गळतं आणि उरतं ते एवढंच: चेहरा म्हणजे अधिक एक. रंगीत फिल्मच्या बाबतीत हीच गोष्ट वेगळ्या वाटेनं घडली. प्रयोगशाळांना प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅक नमुन्याची कार्डं पाठवायची, त्यांवर एका गोऱ्या तरुणीचं चित्र. तिच्या नावावरून त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा नीट आली की मशीन ठीक. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलं कार्ड निघायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. यात कुणी बसून कट केला असं मला म्हणायचं नाही. गृहीतक असंच काम करतं. ते कुणी बोलत नाही, ते शून्य म्हणून काट्याखाली बसलेलं असतं.

याच्या विरुद्ध बाजूला एक चित्र ठेवतो. रॉय डिकाराव्हा हा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढलेला कृष्णवर्णीय छायाचित्रकार. त्याचं १९४९ सालचं ‘ग्रॅज्युएशन’ हे छायाचित्र जरूर शोधून बघा. लांब पांढरा पोशाख घातलेली एक मुलगी, भोवती कचरा पडलेली मोकळी जागा, आणि ती उजेडातून सावलीकडे चाललेली. पांढरा पोशाख आणि काळा चेहरा, म्हणजे दादांचाच पेच! डिकाराव्हानं चेहरा उजळून काढण्याची घाई केली नाही. त्याचे प्रिंट एकूणच गडद असतात. वरवर बघणारा म्हणेल, अंडरएक्स्पोज्ड आहे. थोडा वेळ थांबून बघा, डोळा सरावला की काळ्यातच कितीतरी छटा उलगडतात. काळ्या माणसाला दिसतं करायचं तर त्याला राखाडी करावं लागत नाही, हे त्यानं आयुष्यभर प्रिंट काढून सिद्ध केलं. काळ्यात तपशील ठेवणं आणि काळं घालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टुडिओवाल्यानं दुसरी केली.

मी त्यालाही फार दोष देत नाही. लग्नाच्या फोटोत नवरी दोन छटा उजळ करून द्या, हे गिऱ्हाईकच सांगतं. स्थळाला पाठवायचा मुलीचा फोटो आठवा. आपल्या घरांतून हे चालतं. तिथे अधिक एक म्हणजे मीटरशी मतभेद नसतो, समोर बसलेल्या मुलीशी असतो. म्हणून मी म्हणतो, या बटणावर बोट ठेवताना आपण कुणाशी मतभेद करतोय ते एकदा विचारावं. बर्फ, चादर, भिंत यांच्या बाबतीत यंत्र चुकतं, तिथे खुशाल वाद घाला. पण माणसाचा चेहरा पुढे असताना तो कसा ‘असायला हवा’ हे मनात आधीच ठरलं असेल, तर काटा कुठेही ठेवा, फोटो तुमचाच निघेल, त्याचा नाही.

शेवटी दादांच्या फोटोचं काय झालं ते सांगतो. मूळ फाइल माझ्याकडे होती. रॉ नव्हती, त्यामुळे फार काही हाताशी नव्हतं. दोन-तीन संध्याकाळी बसलो. भिंत होती तशीच राखाडी राहू दिली, चेहरा थोडाच वर आणला. जिथे डोळे दिसायला लागले आणि रंग अजून दादांचा होता, तिथे थांबलो. कपाळावर दाणे आले आहेत. एक डोळा अजून टोपीच्या सावलीत आहे. कुठल्याही स्पर्धेत तो फोटो पहिल्या फेरीत बाद होईल.

वहिनींकडे घेऊन गेलो. त्यांनी पुन्हा पदरानं काच पुसली. काही बोलल्या नाहीत. मग स्टुडिओची फ्रेम खिळ्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “ही तुम्ही घेऊन जा.”